घाटाची पायरी आणि राजारामचा फूट: आपल्या गावची नदी आपण कशी मोजायची

जुलै उजाडला की कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रत्येक फोनवर तोच मजकूर फिरू लागतो. राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे इतके दरवाजे उघडले, कोयनेतून इतका विसर्ग. आकडे खरे असतात आणि वेळेवरही येतात. तरी नदीकाठच्या माणसाचा प्रश्न त्यातून सुटत नाही, कारण त्याचा प्रश्न साधा आहे: उद्या पहाटेपर्यंत पाणी माझ्या गोठ्याला लागेल का?

त्याचं उत्तर सरकारी आकड्यात अर्धंच असतं. उरलेलं अर्धं तुमच्या घाटावर मिळतं. तिथे एक पट्टी लावून, रोज वाचून, तो आकडा राजारामच्या (कोल्हापूरचा पंचगंगेवरचा बंधारा) किंवा सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या आकड्याशी जुळवत गेलं, तर दोन-तीन पावसाळ्यांत गावाला स्वतःचा अंदाज बांधता येतो. खर्च रंगाचा डबा, गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि एक वही. खरी अडचण नेमाची. बहुतेक गावांत हे काम पहिल्या श्रावणातच बंद पडतं.

उदाहरणं मी पंचगंगा-कृष्णेची घेतली आहेत. नदी दुसरी असली तरी रीत तीच.

आधी आकडे ओळखा

पातळी आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ इथूनच सुरू होतो. पातळी म्हणजे पाणी किती उंचीवर उभं आहे. ती फुटांत किंवा मीटरमध्ये सांगतात. प्रवाह म्हणजे एका सेकंदात किती पाणी पुढे गेलं. तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, किंवा सेकंदाला घनमीटरमध्ये. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे ३५.३१ क्युसेक. धरणाचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात.

एक हिशेब पाठ करून ठेवा: ११,५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. ५० हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला, तर धरणातून ४.३२ टीएमसी खाली आलं. हा भागाकार येत असला की बातमीतल्या मोठ्या आकड्यांची भीतीही कमी होते आणि उगाच मिळालेला धीरही.

पातळीचा आकडा नेहमी कुठल्या तरी शून्यापासून असतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीच्या आयर्विन पुलावर इशारा ४०, धोका ४५. हे दोन फूट एकमेकांशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. दोन्हीकडचं शून्य वेगळं, पात्र वेगळं. केंद्रीय जल आयोग तर आपल्या केंद्रांची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये देतो. तिथे पाचशे चाळीसच्या आसपासचा आकडा दिसला म्हणून दचकू नका. आयोगाच्या पूर अंदाजाच्या संकेतस्थळावर आणि ‘फ्लडवॉच इंडिया’ या ॲपवर रंगही असतात. इशारा पातळी ओलांडली की पिवळा, धोका पातळी ओलांडली की नारिंगी, आणि आजवरची सर्वोच्च पूरपातळी गाठली की लाल.

एकाच ठिकाणच्या आकड्यावरून दुसऱ्या ठिकाणचा पूर ताडायचा नाही, हे शिकवायला गेले दोन महापूर पुरेसे आहेत. २०१९ मध्ये राजारामला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या पुढे. सांगलीत मात्र उलट झालं: २०१९ ला आयर्विनवर ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ ला त्याहून कमी. कोल्हापूरचा मोठा पूर तो सांगलीचा मोठा पूर, असं नाही. मग मधल्या तुमच्या गावाचं काय, ते तुमची पट्टीच सांगणार.

पट्टीसाठी जागा

नदी शंभर-दोनशे मीटर सरळ वाहते अशी जागा बघा. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी चढून बसतं. बंधाऱ्याच्या अगदी खाली उसळ्या असतात, तिथे पट्टी वाचताच येत नाही. पुलाच्या खांबावर रंगवणं सोपं, पण खांबाच्या वरच्या अंगाला पाणी थडकून फुगतं आणि खालच्या अंगाला खड्डा पडतो. रंगवायचंच तर प्रवाहाला समांतर असलेल्या बाजूवर रंगवा, आणि त्याआधी पूल ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी घ्या.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पट्टी लावणार असाल तर एक लक्षात असू द्या. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात तेव्हा पातळी नदीची नसते, बंधाऱ्याची असते. मागून पाणी कमी येत असलं तरी पट्टी तोच आकडा दाखवत राहते. त्यामुळे बरगे कधी काढले, कधी घातले, त्या तारखा वहीत हव्यातच.

संगमाजवळची जागा शक्यतो टाळा, किंवा टाळता येत नसेल तर फुगवटा समजून घ्या. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे तुंबतं. राधानगरीला पाऊस उघडलेला, राजारामला पाणी इंचाइंचाने उतरतंय, आणि शिरोळकडच्या गावात मात्र अजून चढतंय, असं होतं ते यामुळे. या गावांना पंचगंगेच्या आकड्यावर काम भागत नाही, कृष्णेचाही बघावा लागतो. सांगलीकरांनाही वारणेचं असंच आहे: ती हरिपूरला, म्हणजे आयर्विन पुलाच्या खाली मिळते, पण वारणा जोरात असली की वरच्या कृष्णेला उतरायला वेळ लागतो.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. भर पुरात, रात्री, टॉर्चच्या उजेडात, पाण्यात पाय न घालता पट्टी वाचता आली पाहिजे. ही अट पाळता येत नसेल तर जागा कितीही चांगली असली तरी सोडून द्या.

पट्टी बसवणं

हे काम मे महिन्यात करा, पाणी सर्वांत खाली असताना.

सुरुवात पट्टीपासून करायची नाही, पक्क्या खुणेपासून करायची. न हलणारी, पुरात न वाहून जाणारी जागा निवडा: देवळाचा जोता, शाळेच्या इमारतीची पायरी, पुलाच्या कठड्याची कड. तिथे छिन्नीने आडवी रेघ मारा आणि तिला एक उंची द्या, समजा १५.०० मीटर. यापुढची प्रत्येक उंची या खुणेवरून मोजायची. पट्टी वाहून गेली, कुणी रंग फासला, घाट नव्याने बांधला, तरी खूण शाबूत असली की जुनी आणि नवी वाचनं जुळवता येतात. खूण नसली तर आधीच्या सगळ्या वह्या रद्दी.

शून्य कुठे धरायचं? उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरतं त्याच्याही खाली, म्हणजे आकडा कधी उणे होणार नाही. उणे आकडे घाईत लिहिताना हमखास चुकतात.

एकच उंच खांब उभा करू नका, पहिल्या पुराच्या ओंडक्याने तो जातो. काठाच्या उतारावर टप्प्याटप्प्याने एकेक मीटरच्या पट्ट्या लावा; खालची संपते तिथे वरची थोडी आधीच सुरू झालेली असावी. दोन्ही पट्ट्या एकाच उंचीत आहेत ना, हे बघायला सर्व्हेअरची गरज नाही. गवंडी वापरतो ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. नळीत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करा, एक टोक पक्क्या खुणेपाशी आणि दुसरं पट्टीपाशी धरा. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. उतार लांब असेल तर टप्पे पाडून या, आणि शेवटी उलट दिशेने परत खुणेपर्यंत मोजत जा. येता-जातानाच्या मापात सेंटिमीटरभरापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा करा.

घाटाला दगडी पायऱ्या असतील तर पायरीच्या उभ्या अंगावरच रंगवता येतं. पांढरा पाया, काळे आकडे, दर दोन सेंटिमीटरला ठसठशीत रेघ, दर दहाला आकडा, मीटरचा आकडा लाल. बाजारात एनॅमलच्या तयार पट्ट्या मिळतात, त्या जास्त टिकतात. फूट की मीटर? मी मीटर म्हणेन, कारण दशांशात बेरीज-वजाबाकी सरळ होते. पण गावात सगळे फुटात बोलत असतील तर फुटात लावा. लोकांनी वाचली नाही तर पट्टी कशाला?

आता जुन्या पुरांच्या खुणा गोळा करा. २००५, २०१९, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतींवर, दुकानांच्या शटरवर, जिन्यांवर लोकांनी लिहून ठेवलेलं असतं. प्रत्येक खूण नळीने पक्क्या खुणेशी जोडा आणि पट्टीच्या मापात लिहा. एका पुराच्या किमान तीन खुणा जुळल्याशिवाय ती पातळी पक्की धरू नका. आठवणीतलं पाणी बहुधा खऱ्यापेक्षा वीतभर उंच असतं.

नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात कृष्णेचं पाणी शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकांसाठी ते स्नानाचं पर्व आहे. मोजणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ती एक ठरलेली पातळी आहे, वर्षानुवर्षं तारखांसकट नोंदली गेलेली. तुमच्या गावातही अशी एखादी जागा असणारच: पाण्यात जाणारं महादेवाचं देऊळ, बुडणारी समाधी, एखादा पार. तिची उंची पट्टीच्या मापात काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना ‘७.४० मीटर’ सांगून काही कळत नाही, ‘पार बुडाला’ हे लगेच कळतं.

वाचन आणि वही

पावसाळ्याबाहेर दिवसातून एकदा, सकाळी आठला वाचलं तरी चालतं. जून ते ऑक्टोबर सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. पाणी पात्राच्या कडेला आलं की दर तासाला.

लाटेमुळे पाणी पट्टीवर वरखाली होतं. अर्धा मिनिट बघा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा घ्या आणि मधला लिहा. वेळ घड्याळातली लिहा, ‘सकाळी’ असं नको. मोबाइलवर पट्टीचा फोटो काढला तर वेळ आपोआप नोंदली जाते, आणि वाचनाबद्दल वाद झाला तर तो मिटतो.

वहीत रकाने एवढेच: तारीख, वेळ, आपली पातळी, चढ की उतार, त्याच वेळचा राजारामचा (किंवा तुमच्या वरच्या केंद्राचा) आकडा, धरणांचा विसर्ग, गावातला पाऊस, आणि शेरा. शेऱ्यात बरगे, पाण्याचा रंग, वाहून येणारी झाडं, पट्टीला झालेली इजा. एखादं वाचन राहिलं तर जागा कोरी सोडा. मागून अंदाजाने भरलेला एक आकडा दहा खऱ्या आकड्यांवरचा विश्वास घालवतो.

वाचणारे दोघे असावेत, आणि दोघांची घरं नदीच्या एकाच बाजूला आणि पूररेषेच्या वर असावीत. हे लिहिताना हसू येतं, पण पहिलं पाणी ज्याच्या घरात शिरतं तो माणूस नेमका महत्त्वाच्या रात्री पट्टी वाचू शकत नाही.

नातं लावणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. आलेख कागदावर आडव्या रेषेत राजारामची पातळी, उभ्या रेषेत तुमची. पण एकाच वेळेचे आकडे मांडू नका, कारण पाणी तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. आधी तो वेळ काढा. राजारामला चढ सुरू झाला, थांबला, शिखर गाठलं, उतार लागला, या चार वेळा वहीत शोधा. तुमच्याकडे त्याच चार गोष्टी केव्हा झाल्या ते बघा. मधलं अंतर सारखं येणार नाही. नदी पात्रात असताना पाणी लवकर येतं. काठ सोडून उसात, मळ्यात पसरलं की उशीर होतो. म्हणून पात्रातला वेळ आणि पात्राबाहेरचा वेळ असे दोन वेगळे आकडे ठेवा.

मग तेवढे तास मागचा राजारामचा आकडा आणि आताचा तुमचा आकडा अशा जोड्या मांडा. चढतानाचे ठिपके निळे, उतरतानाचे लाल. दोन्हींची रेघ एकच येणार नाही. चढत्या पाण्याला ढाळ जास्त मिळतो, उतरतं पाणी खालच्या फुगवट्याने अडतं. राजारामचा आकडा तोच असताना तुमच्याकडची पातळी उतरताना जास्त दिसते. शिरोळकडे हा फरक मोठा येतो. आलेख बिघडला असं समजून ठिपके खोडू नका.

आता फसवणारी गोष्ट. समजा पाणी तासाला १५ सेंटिमीटरने चढत होतं आणि अचानक ४ सेंटिमीटरवर आलं. घाटावर लगेच कुणीतरी म्हणतं, ‘थांबलं पाणी, आता उतरेल.’ बऱ्याचदा तसं नसतं. नदीने काठ ओलांडला आणि तेच पाणी आता चौपट रुंदीत पसरतंय, म्हणून चढ मंदावला. येणारं पाणी तेवढंच आहे, कदाचित वाढलेलंही. तुमच्या पट्टीवर काठ सुटण्याची उंची लाल बाणाने दाखवून ठेवा. त्या बाणापाशी चढ मंदावला तर वरच्या केंद्राचा आकडा बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.

धरणांचे आकडे वाचतानाही तारतम्य हवं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. चार उघडले म्हणजे ५,७१२ क्युसेक. ऐकायला मोठं, पण पंचगंगेत राधानगरीच्या भोगावतीशिवाय कुंभी, कासारी आणि तुळशीचंही पाणी आहे, आणि धरणाखाली पडणारा पाऊस कुठलाही दरवाजा अडवत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सुरू झालं, एवढ्या बातमीने सांगलीत सामान हलवायची गरज नसते. धरणाच्या सांडव्याचे वक्र दरवाजे किती फूट उचलले ते बघायचं. कोयनेचं पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी जाणारं पाणी कोकणात उतरतं, ते कृष्णेत येतच नाही. आणि महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतात. तुमच्या वरच्या अंगाच्या मंडळांचे ते आकडे धरणाच्या आकड्याइतकेच लक्षपूर्वक वाचा.

प्रवाह मोजायचा असेल तर

पुराच्या अंदाजाला पातळी पुरते. पण उपसा योजना, पाण्याचं वाटप, उन्हाळ्यातला झरा यांसाठी प्रवाह लागतो. गुडघाभर पाण्याच्या नदीत किंवा ओढ्यात तो तरंगत्या वस्तूने काढता येतो. गुडघ्याच्या वर पाणी, किंवा पाय सरकतोय इतका जोर असला, तर आत उतरायचं नाही.

सरळ भागात २० मीटरच्या अंतरावर दोन दोऱ्या आडव्या बांधा. मधल्या जागी दर ठरावीक अंतरावर काठीने खोली मोजा. समजा पात्र ६ मीटर रुंद आहे आणि दर मीटरला खोली ०.२०, ०.३५, ०.४५, ०.४०, ०.२० मीटर आली. दोन्ही काठांवर शून्य. बेरीज १.६०, गुणिले १ मीटर अंतर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.६० चौरस मीटर. आता अर्धं भरलेलं नारळ किंवा संत्रं वरच्या दोरीच्या थोडं आधी सोडा आणि २० मीटरला लागणारा वेळ मोजा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे असं मिळून दहा वेळा. सरासरी ४० सेकंद आली तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. तळाशी पाणी घासून हळू चालतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणा: ०.४२५. गुणिले १.६०, म्हणजे सेकंदाला ०.६८ घनमीटर, साधारण २४ क्युसेक.

वाऱ्याच्या दिवशी हे करू नका, आणि उत्तरात दहा-वीस टक्के चूक धरूनच चाला. सरकारी केंद्रांवर वेगमापक यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर धरतात, कारण उभ्या रेषेतला सरासरी वेग साधारण तिथे मिळतो.

वेगवेगळ्या पातळ्यांना असं आठ-दहा वेळा मोजलंत, तर पातळी आणि प्रवाह यांची रेघ काढता येते. मग नुसती पट्टी वाचून प्रवाह कळतो. मात्र रेघ मोजलेल्या पातळीच्या पलीकडे ताणू नका, आणि मोठ्या पुरानंतर तळ बदलला की नवी काढा.

लहान ओहोळाला पत्र्यात काटकोनी व्ही-आकाराची खाच कापून आडवी बसवली की आणखी सोपं. खाचेच्या टोकापासून वर, पत्र्याच्या थोडं मागे मोजलेली पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला ४.४ लिटरच्या जवळपास. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो.

सेन्सर घ्यावा का, असं हल्ली सगळीकडे विचारतात. पुलाखाली लावायचे रडार सेन्सर चांगले असतात. पण वीज, रेंज आणि कोळिष्टकं यांवर त्यांचं नशीब अवलंबून असतं, आणि त्यांचा आकडा तपासायलाही शेवटी पट्टीच लागते.

पुरात आणि पुरानंतर

नातं लागलं की गावापुरती एक यादी करा आणि ग्रामपंचायतीत, दूध संस्थेत भिंतीवर लावा. राजाराम अमुक फुटांवर गेला की नदीवरच्या मोटारी काढायच्या. अमुकला खालच्या वस्तीतली जनावरं हलवायची. अमुकला ओढ्यावरचा रस्ता बंद होतो, तेव्हा आजारी माणसं, बाळंतिणी आणि डायलिसिसचे रुग्ण त्याआधी बाहेर. प्रत्येक ओळीपुढे हातात मिळणारे तास लिहा, आणि ते तास सर्वांत कमी मिळाले होते त्या वर्षाचे लिहा, सरासरीचे नकोत. प्रशासनाचा स्थलांतराचा आदेश आला तर आपली वही काहीही म्हणत असली तरी आदेश पाळायचा.

पट्टी पाण्याखाली गेली तर पाण्यात शिरून शोधू नका. वरच्या बाजूला घराच्या भिंतीवर पाण्याची कड खिळ्याने किंवा खडूने खुणवा, वेळ लिहा, पुढची खूण तासाने. उंची नंतर मोजता येते.

पाणी ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत, लोकांनी भिंती धुवायच्या आत, गाळाच्या रेषेवर खिळे मारून ठेवा. मग लेव्हलची नळी काढा, पक्क्या खुणेपासून प्रत्येक पट्टी पुन्हा तपासा, हलली असेल तर किती आणि कुठल्या तारखेच्या वाचनापासून ते वहीत लिहा, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून गावाबाहेरच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा.